काजळी लावावी का?

ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन १९६० साली स्विंडनच्या कारखान्यात तयार झालं. नाव ‘ईव्हनिंग स्टार’. त्याचं प्लॅस्टिकचं पिल्लू सध्या माझ्या टेबलावर आहे. दहा मोठी चाकं बसली, हिरवा रंग वाळला, धुराड्याला तांब्याची कडही आली. आता शौकीन मंडळी म्हणतात, काजळी फासा, गंज दाखवा, म्हणजे ‘खरं’ वाटेल!

नवीकोरी वस्तू जुनी भासवायची? बाजारात याला लबाडी म्हणतात. पण चकचकीत ठेवली तरी लबाडी सुटते कुठं? कोळसा खाणाऱ्याच्या अंगावर डाग नाही, म्हणजे त्यानं काम केलंच नाही! बिचाऱ्याची नोकरी ती केवढी, जेमतेम पाच वर्षं. १९६५ साली घरी बसवलं. तीही पुसून टाकायची?

आजोबा गेल्यावर भिंतीवर कुठला फोटो लावायचा, यावरून आमच्याकडे असाच वाद झाला होता. आत्याला हवा होता फेट्यातला, ऐन पंचविशीतला. आजीनं हट्टानं शेवटचा, गालफडं बसलेला लावायला लावला.

“त्या फेटेवाल्याकडे मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं,” ती म्हणाली. “संसार केला तो ह्यांच्याशी.”

धुराड्याभोवती दोन बोटं काजळी लावली आहे. नावाची पाटी मात्र लखलखीत ठेवली.