ऐकणे आणि मानणे

श्रद्धा आधी की आज्ञापालन आधी, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्र्यांच्या वादाचा वाटतो. परंतु ज्या घरात देव्हारा आहे आणि नव्या पिढीने ‘हे का करायचे?’ असे विचारले आहे, त्या घरात तो केव्हाच येऊन बसलेला असतो. मसीहाची, म्हणजे ईश्वराने अभिषिक्त केलेल्या तारणकर्त्याची वाट पाहणाऱ्या अथवा तो आला असे मानणाऱ्या धर्मपरंपरांत या प्रश्नाचा विचार विशेष कसोशीने झालेला आहे. त्यांतील दोन उदाहरणे मराठीच्याच अंगणातील असल्यामुळे आम्ही ती येथे घेत आहोत.

पहिले उदाहरण कोकणातील बेने इस्रायलांचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली, किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे पडली आणि मराठी ही मातृभाषा झाली. तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारची विश्रांती, सुंता, आहाराचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढीच त्यांची शिदोरी होती. शनिवार का पाळावयाचा याचे शास्त्र सांगणारा कोणी नव्हता. तरीही घाणा थांबत होता. पुढे डेव्हिड राहाबी यांनी त्यांना शास्त्र शिकविले, असे ते मानतात. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. म्हणजे येथे ग्रंथ मागाहून आला; आचाराने तोवर त्याची जागा राखून ठेवली होती. मसीहाच्या आगमनाची वर्दी देणारा म्हणून यहुदी परंपरा ज्या एलिया संदेष्ट्याकडे पाहते, त्याच्या नावाने ही मंडळी आजही पोहे, नारळ आणि फळे यांचा मलिदा करतात.

‘शेमा’ या शब्दाचा अर्थ ‘ऐक’ असा आहे, आणि हिब्रूत ऐकणे म्हणजेच आज्ञा मानणे. आपल्याला हे परके वाटू नये. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी आपली तक्रार नसते. ‘शुश्रूषा’ या शब्दाचाही मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून आला.

परंतु आज्ञापालनाचे मोजमाप माणसांनी हाती घेतले की काय होते, हेही याच समाजाने अनुभवले. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या पूर्वजांनी विवाहाचे आणि घटस्फोटाचे नियम यथाशास्त्र पाळले होते काय, अशी शंका तेथील धर्मपीठाने घेतली आणि १९६२ मध्ये विवाहापूर्वी वंशाची चौकशी सुरू झाली. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांकडे पुरावा मागितला गेला. त्यांनी चिकाटीने लढा दिला आणि १९६४ मध्ये त्यांना न्याय मिळाला.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि, चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त निमूटपणे मान्य करावा, ही अपेक्षा त्यांनी नाकारली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा यावर प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. भटभिक्षुकांच्या जोखडातून नुकतीच सुटलेली मान पुन्हा तशाच दुसऱ्या जोखडाखाली देण्यास त्या तयार नव्हत्या. मात्र ईश्वराची आज्ञा त्यांनी कधी नाकारली नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडावयाचा राहिला आहे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित स्त्रियांना दिलेला आश्रय आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर, ही त्यानंतरची त्यांची कामगिरी होय.

ज्यांचे आयुष्य सरकारी हुकमांची तामील करण्यात गेले, त्या आम्हांला येथे एक भेद स्पष्ट दिसतो. कचेरीतील हुकमाला श्रद्धेची गरज नसते; सही आणि शिक्का पुरतो. धर्मातील आज्ञेचे तसे नाही. तेथे शिक्का मारणारा मध्यस्थ आज्ञा देणाऱ्याच्या जागी बसू लागला, की आज्ञापालनाची गुलामी होते. याउलट, कृतीत न उतरणारी श्रद्धा म्हणजे फाइलीवरील ‘तत्त्वतः मान्य’ हा शेरा. त्यापुढे अंमलबजावणी झाली नाही, तर त्या मान्यतेचा कोणाला काय उपयोग?

हैदराबादेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना हा विचार परका नाही. आपल्या पूर्वजांनीही घटस्थापना, चंपाषष्ठीची तळी आणि कुळाचार येथे आणले. त्यामागील कथा मात्र पुष्कळ घरांत विरल्या. नातवंडे तळी उचलतात. पण खंडोबा कोण, हे त्यांना सांगता येत नाही. ‘श्रद्धा नसेल तर हे सोडून द्यावे’ असे काही सुशिक्षित म्हणतात. ‘विचारू नका, करा’ असे काही वडीलधारे म्हणतात. आम्हांला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. शनवार तेल्यांनी अर्थ ठाऊक नसताना घाणा थांबविला नसता, तर अर्थ सांगणारा आला तेव्हा ऐकावयास कोणी उरले नसते. आणि रमाबाईंनी प्रश्न विचारले नसते, तर त्यांची श्रद्धा कदाचित उसनीच राहिली असती.

म्हणून घट बसवावेत, तळीही भरावी. परंतु मुलाने ‘का?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे, नसेल तर त्याच्यासह शोधावे. मुलांनी आपले ऐकावे असे वाटत असेल, तर आधी त्यांचा प्रश्न आपण ऐकून घेतला पाहिजे.