फणस वर काढण्याआधी

सावंतवाडी

चि. बाबू,

व्हाळात पडलेला फणस तू चेनपुली लावून घाटीवर काढणार, असं तुझी आई फोनवर म्हणाली. शिरोड्याच्या त्या उतारावर ट्रॅक्टर उतरत नाही, हे खरंच. पण ओंडक्याला हात लावण्याआधी हे वाच.

दीड फूट व्यासाचा, आठ फुटी ओला ओंडका म्हणजे चौदा घनफूट. साडेतीनशे किलोच्या आसपास. ३० अंशांच्या चढावर तो मातीतून घासत ओढायला, घर्षण धरून, जवळजवळ वजनाइतकाच जोर लागतो. म्हणून दारांच्या फळ्यांना हवी तेवढीच लांबी ठेव, बाकीचे तुकडे चार-चार फुटांचे कर. लांब फळीचा मोह मलाही आहे, पण वजन निम्मं झालं की धोकाही उतरतो. पुढचं तोंड कुऱ्हाडीनं गोल तासून घे, नाहीतर ते मातीत रुततं. वेळागरला होडी वर घेताना खाली लाकडं घालतात, तसे पोफळीचे वासे घाल.

साखळी कशाला बांधायची, यावर सगळं आहे. माडाला सोटमूळ नसतं आणि काजूचं लाकूड ठिसूळ. जिवंत, जाड ऐन बघ. कातळावरच्या चार बोटं मातीत उभा असलेला नको. बुंध्याशी अगदी खाली बांध, सालीला गोणपाट गुंडाळून. कप्पीवरून दोर उलटा वळवलास, तर त्या झाडावर ओढीच्या दुप्पट ताण येतो, हे विसरू नकोस.

तीन मीटर साखळी संपली की नव्याने अडकवायची. त्याआधी ओंडक्यामागे जांभ्याचा चिरा लाव. लावताना बाजूनं जा. ओंडक्याच्या खालच्या अंगाला कोणीही उभं राहायचं नाही, आणि वळलेल्या दोराच्या आतल्या बाजूलाही नाही. नायलॉनची दोरी तर आणूच नकोस. ती ताणली जाते, तुटली की चाबकासारखी परत येते. माझ्या घाईपायी एका गड्याची नडगी अशीच फुटली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

ओंडका सुटला, तर सुटू दे. धरायला धावू नकोस.

मिरग लागला की तांबडी माती साबणासारखी होते, तेव्हा त्याआधीच उरकू. लाकूड गाडीत घालण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत परवान्याचं विचारून ये. शनिवारी मी पहार आणि तारेचा दोर घेऊन येतो. तोवर फक्त वाटेतली झुडपं तोडून ठेव.

तुझा मामा