एकट्याचा सूर

पुतण्याची मुलगी अमेरिकेत व्हायोलिन वाजवते. परवा सावनेरला तिचा फोन. "आजोबा, एका कॉलेजात चारही वर्षं वाद्यवृंद सक्तीचा, दुसऱ्यात दोनच. कुठलं घेऊ?"

सवलत दिसली की आमच्या जिभेला धीर नसतो. म्हटलं, "दोनवालं घे! उरलेल्या वेळात रियाज कर." आपल्याकडे विशारदचा विद्यार्थी एकटाच परीक्षेला बसतो. जमलं तर यश त्याचं, फसलं तर तबलजीचं! अर्थात, १९१८च्या सुमारास मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी पोरकी मुलं जमवून वाद्यवृंद उभा केला होता. पण तो मला सोयीस्करपणे आठवला नाही.

रात्री आठवले ते आमच्या भजनी मंडळाचे बुवा. मी तिथे सगळ्यांत वरच्या पट्टीत गात असे. एकदा टाळ थांबवून ते म्हणाले, "भाऊ, तुमचा आवाज साऱ्यायले आयकू येते. तुमाले कोनाचा आयकू येते का जी?"

सक्तीनं माणूस दुसऱ्याचं ऐकायला शिकतो का? मनापासून ऐकणं सक्तीनं येत नाही, हे खरं. पण ज्याच्या शेजारी रोज बसायचंच आहे, त्याचं थोडं तरी कानावर पडतं. मोकळीक मिळाली की आपण ऐकतो फक्त स्वतःला, आणि वर स्वतःच दाद देतो.

सकाळी फोन केला. "चारवालं घे."

"कालच तर दोन म्हणालात!"

"काल मी एकटा गात होतो. सत्तरी उलटली पोरी, पण वृंदात अजून पहिल्याच वर्षाला आहे."