पहिल्या वर्षाचा शेजार

मे महिन्यात अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि पुण्या-मुंबईहून मुलांना थेट पदवीसाठी तिकडे धाडणाऱ्या घरांतही एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘किचन असलेलंच अपार्टमेंट घे, खाण्यापिण्याची आबाळ व्हायला नको.’ कॉलेज ठरलेले असते, हाउसिंगचा फॉर्म भरायचा असतो आणि जुन्या पद्धतीचा डॉर्म की अपार्टमेंटसारखा डॉर्म, एवढाच प्रश्न उरलेला असतो. या वाक्यात माया आहे, काळजी आहे आणि वर्षानुवर्षांचा अनुभवही आहे. नात्यातले कोणी ना कोणी एम. एस.ला गेलेले असते, त्याने चार देशी मुलांबरोबर अपार्टमेंट घेतलेले असते, पाळीपाळीने स्वयंपाक करून दोन वर्षे सुखाने काढलेली असतात. पण बाविसाव्या वर्षी प्रयोगशाळा, विभाग आणि मार्गदर्शक ठरवून गेलेल्या विद्यार्थ्याचा धडा अठराव्या वर्षी घराबाहेर पडणाऱ्या मुलाला जसाच्या तसा लागू करणे मला खटकते. एम. एस.च्या विद्यार्थ्याला राहायला जागा हवी असते. फ्रेशमनला जागेइतकीच माणसे हवी असतात, आणि ती कोणती भेटतील हे बरेचसे जागाच ठरवते.

दोन्ही प्रकारांतले ढोबळ फरक सर्वांना माहीत आहेत. एकीकडे लांब कॉरिडॉर, दोघांत एक खोली, मजल्यावर सामायिक न्हाणीघरे आणि डायनिंग हॉलचा मील प्लॅन. दुसरीकडे दोघा-चौघांचे घर, बहुधा प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वतःचे किचन आणि बंद करता येणारे दार. खर्चाचे गणित विद्यापीठागणिक बदलते, शिवाय कित्येक ठिकाणी पहिल्या वर्षाला अपार्टमेंट मिळतच नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो भेद वेगळा आहे: आपण निवडलेला शेजार आणि आपल्या वाट्याला आलेला शेजार. अपार्टमेंटमध्ये मुले बहुतेकदा ओळखीच्यांबरोबर, आपल्यासारख्यांबरोबर राहतात. अनोळखी मुले एकत्र आली तरी ती दोन-चारच असतात, बाकीची इमारत दारांपलीकडे राहते. डॉर्मच्या मजल्यावर मात्र ज्यांना आपण कधीच निवडले नसते अशी माणसे दात घासताना, कपडे धुताना, रात्री उशिरा पाणी भरताना रोज समोर येतात.

शेजाराचे हे बळ मोजले गेले आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला आणि तो 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावर पाच घरे. लागून असलेल्या दारांशी मैत्री जुळण्याचे प्रमाण सुमारे 41 टक्के, मध्ये एक दार आले की 22 टक्के आणि मजल्याच्या दोन टोकांना 10 टक्के. अंतर काही पावलांचेच, पण मैत्री त्या पावलांवर ठरत होती. ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 मध्ये डार्टमथ कॉलेजमधल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जोडलेल्या रूममेटांचा अभ्यास मांडला. रूममेटचा परिणाम गुणांवर आणि फ्रॅटर्निटीत जाण्याच्या निर्णयावर दिसला, मुख्य विषयाच्या निवडीवर दिसला नाही. जोहान बॉइजोली, मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले की योगायोगाने कृष्णवर्णीय रूममेट मिळालेले गोरे विद्यार्थी पुढे सकारात्मक भेदभावाच्या धोरणाला अधिक अनुकूल झाले. मत बदलण्याचे हे काम व्याख्यानांनी सहसा होत नाही. ड्यूक विद्यापीठाने 2018 पासून पहिल्या वर्षाला रूममेट निवडण्याची सोय काढून टाकली, त्यामागेही आपल्यासारख्यांचेच गट जमतात ही चिंता होती.

यावर एक आक्षेप ठामपणे घेतला जातो. अठरा वर्षांची व्यक्ती सज्ञान आहे, तिला कॉरिडॉरमध्ये कोंबून शाळकरी वागणूक का द्यायची? अपार्टमेंटमध्ये ती स्वयंपाक करील, भांडी घासील, सामान आणील, जबाबदार होईल. यातला पहिला भाग मला पटतो. एकांत हा हक्क आहे आणि अभ्यासाला शांतता लागते. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे, आजारामुळे ठरावीकच अन्न घ्यावे लागते किंवा मील प्लॅनचा खर्च झेपत नाही, त्याने अपार्टमेंट निःशंकपणे घ्यावे. पण जबाबदारीचा मुद्दा मला अपुरा वाटतो. वरण-भात आणि भाजी करायला दोन आठवड्यांत शिकता येते, तेही पुढल्या वर्षी. जो रात्री दोनला गाणी लावतो, ज्याचा देव वेगळा आहे, ज्याचे मत आपल्याला चुकीचे वाटते, त्याच्याशी रोज बोलून तोडगा काढायला शिकणे याला वर्ष लागते, आणि त्यासाठी तो समोर असावा लागतो. पैसे आणि पसारा सांभाळणे ही घराची जबाबदारी झाली. परक्याशी निभावून नेणे ही नागरिकाची जबाबदारी आहे, आणि विद्यापीठाकडून मी दुसरीची अपेक्षा अधिक करतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कोल्हापुरात राजाराम वसतिगृह सर्वांना खुले असूनही तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच वर्चस्व राहिले. मग राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या माणसांचा आधार मिळाला नाही तर तो शिक्षणच सोडून जातो, हे महाराजांना उमगले होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. तिथे मुले स्वतः राबत, स्वतः रांधत आणि एका पंक्तीला जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. हे दोन मार्ग परस्परविरोधी वाटतात, पण मला ते एकमेकांना पूरक वाटतात. वाट्याला आलेला शेजार माणूस घडवतो तो तेव्हाच, जेव्हा सगळे बरोबरीच्या नात्याने राहतात. एखाद्या मजल्यावर आपल्यासारखा एकच मुलगा असेल आणि बाकीचे त्याला गृहीत धरत असतील, तर त्याला आपल्या माणसांचाही आधार हवा. फक्त तो आधार भारतीय विद्यार्थी मंडळात, गणेशोत्सवात, शनिवारच्या जेवणात मिळावा. चोवीस तासांचे घर त्याच चौघांचे झाले की आधाराचे कुंपण होते.

इथवर मी कॉरिडॉरची बाजू मांडत आलो आहे, पण एक संशोधन मला तिथे थांबू देत नाही. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या दोन प्रकारच्या डॉर्मची तुलना करून 1977 मध्ये पुस्तक लिहिले. एकीकडे लांब कॉरिडॉरवर तीसहून अधिक विद्यार्थी, दुसरीकडे बैठकीच्या खोलीभोवती दोन-तीन झोपण्याच्या खोल्या. दरडोई जागा जवळपास सारखीच. तरी कॉरिडॉरमधल्या मुलांना जास्त गर्दी जाणवत होती, नको त्या गाठीभेटी टाळता येत नव्हत्या, आणि डॉर्मबाहेरही ती अनोळखी माणसापासून दूर बसत होती. म्हणजे ज्या मोकळ्या संगतीसाठी मी कॉरिडॉर मागतो, तीच तिथे आटत होती. पुढे बॉम आणि ग्लेन डेव्हिस यांनी सुमारे 40 जणींच्या एका मजल्यावर मधल्या तीन खोल्यांची बैठकीची खोली करून मजल्याचे दोन भाग केले. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गर्दीची तक्रार कमी झाली आणि मैत्री वाढली. इमारत तीच राहिली, फक्त एका वाटेवर वावरणाऱ्यांची संख्या वीसवर आली.

त्यामुळे डॉर्म की अपार्टमेंट हा प्रश्नच मला अपुरा वाटू लागला आहे. चाळीस जणांचा कॉरिडॉर मुलांना स्वतःला आत ओढून घ्यायला शिकवतो, चौघांचे बंद घर त्यांना बाहेर पडायला लावत नाही. पंधरा-वीस जणांचा मजला किंवा सामायिक बैठक असलेला सूट यांच्या मधोमध बसतो. संगत जुलमानेही होत नाही. अब्जाधीश गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी सुमारे 4,500 विद्यार्थ्यांची इमारत सुचवली होती. तिथल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती, म्हणजे मुले सामायिक जागेत येतील. 2021 मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि 2023 मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडला, ते योग्यच झाले. ज्याला आपल्या खोलीत उजेड मिळतो आणि दार लावता येते, तोच दार उघडून मोकळ्या मनाने बाहेर येतो. किचनला असलेला माझा विरोधही इथे गळून पडतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात चूल होती, पण ती सगळ्यांची होती. मजल्यावर एक सामायिक किचन असेल तर रविवारच्या पोह्यांच्या वासाने जी माणसे गोळा होतील, ती चौघांच्या घरात कधी आली नसती.

काहींना हे संकोची मुलांवर अन्यायाचे वाटेल. पण स्वतःहून ओळख काढायला ज्याला जड जाते, त्याच्याच बाबतीत जागेने मदत करणे जास्त गरजेचे असते. बोलक्या मुलाला अपार्टमेंटमधूनही माणसे सापडतात. वाईट संगतीची भीती मात्र खरी आहे. क्रेमर आणि डॅन लेव्ही यांच्या 2008 मधल्या अभ्यासात, शाळेतच दारू पिऊ लागलेला रूममेट ज्या मुलांच्या वाट्याला आला, त्यांचे गुण सरासरी पाव ग्रेड पॉइंटने घसरले. म्हणून खोली बदलून मिळण्याची सोय आहे का, मजल्यावरचा रेसिडेंट असिस्टंट किती मुलांकडे पाहतो, हे आधी विचारावे.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे: फॉर्म भरताना किचन आहे का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारा की एका मजल्यावर किती मुले आहेत, बसायची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर आहे की तळघरात, आणि खोली वाटताना निवड होते की वाट्याला येते. उत्तरे बरी असतील तर पहिले वर्ष डॉर्ममध्ये काढू द्या. अपार्टमेंट दुसऱ्या वर्षीही मिळेल, आणि तेव्हा ते कोणाबरोबर घ्यायचे हे मुलांना तुमच्यापेक्षा चांगले कळलेले असेल.