अदलाबदलीची किंमत

इंदूरची माझी मैत्रीण आणि मी गेली बारा वर्षं टपालाने पुस्तकांची अदलाबदल करतो आहोत. मी सांगलीहून पाठवते, ती तिकडून. वाचून झालेली, पुन्हा हातात घेतली जाणार नाहीत, पण रद्दीच्या तराजूत घालायलाही जीव होत नाही, अशी ही पुस्तकं. नवी मराठी कादंबरी आज सहज तीन-चारशे रुपयांना पडते. अदलाबदलीत पुस्तक फुकट असतं, म्हणजे टपालखर्च हीच त्याची पूर्ण किंमत. म्हणून टपालाचा दर ठरवणारा माणूस आमच्या वाचनाचाही दर ठरवत असतो.

हे डिसेंबर २०२४मध्ये नीट कळलं. रजिस्टर्ड बुक पोस्टाने पाच किलोंचा गठ्ठा साधारण ८० रुपयांत देशात कुठेही जायचा. ती सोय कसलीही चर्चा न होता एकाएकी बंद झाली आणि त्याच वजनाला दुपटीहून जास्त पैसे पडू लागले. आमची देवघेव चार महिने थांबली. दोघींपैकी कुणालाच तो खर्च अशक्य नव्हता, पण जुन्या पुस्तकांवर एवढे पैसे घालायला मन तयार होईना.

१ मे २०२५पासून पुस्तकांसाठी टपाल खात्याचं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंना १००, वर कर. या दरांत हिशेबाने वागणाऱ्याचा फायदा आहे. साडेतीनशे ग्रॅमचं एकच पुस्तक पाठवलं तर २५ रुपये लागतात. तशीच पाच एकत्र बांधली तर खाकी कागद आणि सुतळी धरूनही वजन दोन किलोंच्या आत राहतं आणि ५० रुपयांत काम होतं. दहा रुपयांना एक पुस्तक! म्हणून आता आम्ही गठ्ठा जमेपर्यंत थांबतो. गठ्ठा जमिनीवरच्या वाहतुकीने जातो, त्यामुळे उशिरा पोचतो. वाचणाऱ्याला तेवढा धीर असतोच.

मला महत्त्वाची वाटते ती या दरातली दुसरी गोष्ट: तो वजनावर ठरतो, अंतरावर नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाजवळ राहणाऱ्याला पुस्तक चालत जाऊन मिळतं. गडचिरोलीतल्या, बेळगावातल्या, बडोद्यातल्या वाचकाला हा एकसारखा दर त्या चौकाच्या थोडं जवळ आणतो. अमेरिकेत रूझवेल्टनी १९३८मध्ये पुस्तकांसाठी असाच, अंतर न पाहणारा, पौंडाला दीड सेंटचा दर लावला. पुढे तिथे वाचकांनी टपालाने पुस्तकं बदलण्याचे मोठे उपक्रम उभे केले, त्यांचा पाया अशी सवलतच होती. सार्वजनिक ग्रंथालयाला अनुदान देणं आपल्याला वाचनाचं धोरण वाटतं. टपालाची ही सवलतही तितकंच वाचनाचं धोरण आहे, आणि तिला तोट्याचं खातं म्हणणं मला मान्य नाही.

यात लेखक-प्रकाशकाच्या हाती काही पडत नाही, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. जेमतेम हजार प्रतींची आवृत्ती निघणाऱ्या भाषेत विकली न गेलेली प्रत्येक प्रत जाणवते. म्हणून नुकतं आलेलं पुस्तक आम्ही विकतच घेतो. पण आमच्या गठ्ठ्यातली बरीचशी पुस्तकं बाजारात मिळतच नाहीत. ती छापायची थांबून वर्षं लोटली आहेत. त्यांच्या बाबतीत आमच्यामुळे बुडणारी विक्री मुळात अस्तित्वात नाही.

माझी तक्रार आहे ती वेगळ्याच कलमाबद्दल. ज्ञान पोस्टात जाहिराती असलेलं छापील साहित्य चालत नाही. मग दिवाळी अंकांचं काय? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि आजचा अंक जाहिरातींच्या आधाराशिवाय उभा राहत नाही. मराठी घरांत सर्वांत जास्त हात बदलणारी छापील वस्तू तीच. नोव्हेंबरात अंक शेजारी घेतात, फेब्रुवारीपर्यंत मामेबहिणीकडे जातात, आणि नंतर परगावच्या कुणाला तरी हवे असतात. कथा, कविता, दीर्घ लेख यांनी भरलेल्या अडीचशे पानांच्या अंकाला मधल्या वीस जाहिरातींसाठी ज्ञानाच्या बाहेर ठेवणारी व्याख्या मराठी वाचन पाहून केलेली नाही. ती बदलावी यासाठी संपादकांनी, प्रकाशकांनी आणि साहित्य संस्थांनी टपाल खात्याकडे एकत्र मागणी करावी, पुढच्या दिवाळीच्या आत. माझ्याकडे यंदाचे सहा अंक बाजूला काढून ठेवलेले आहेत. वजन सव्वादोन किलो.