निष्ठेचा क्षण आणि निष्ठेचे आत्मकथन

ख्रिस्तावरील निष्ठा ‘निवडली’ जाते असे म्हणताना एक तात्त्विक अडचण उभी राहते. योहानाच्या शुभवर्तमानातील येशू निवडीचे कर्तृत्व शिष्यांकडे न ठेवता स्वतःकडे घेतो. ख्रिस्ताला निवडणारा माणूस आधीच निवडला गेलेला असतो. मग या निवडीची नैतिक जबाबदारी कोणाची? मराठी चर्चाविश्वात हा प्रश्न बहुधा धर्मांतराच्या वादात विरघळून जातो. बाप्तिस्म्याची तारीख सांगितली, की निवड सांगून झाली असे मानले जाते. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, त्यांचा सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी पत्रव्यवहारातून तीव्र वाद झाला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचे मतपत्र यांना केवळ अधिकारवाणी म्हणून संमती देण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची नाही, हा त्यांचा पवित्रा. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हा रमाबाईंचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ख्रिस्ताला शरण जाणे आणि ख्रिस्त ज्यांच्या हातून मिळाला त्यांना शरण जाणे, यांतील अंतर त्यात नेमके पकडले आहे. (ही पत्रे संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये ती ग्रंथरूपाने आली. प्रतिपक्षाने जपलेला असा दस्तऐवज विरळाच.)

खरी गुंतागुंत पुढे आहे. 1907 च्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी लाभला. हे शब्दशः प्रमाण मानले, तर 1885 मध्ये त्या कोणाच्या बाजूने उभ्या होत्या? न गवसलेल्या ख्रिस्तावर निष्ठा ठेवता येते काय?

आत्मनिवेदन हा वाङ्मयप्रकार स्वतःचे संकेत घेऊन येतो. इव्हँजेलिकल परंपरेतील ‘साक्ष’ अंधारातून प्रकाशाकडे जाणारी एक रेषा मागते, आणि आधीचे सारे त्या रेषेसाठी अंधारात ढकलावे लागते. यात अप्रामाणिकपणा नाही. तथापि संकेताला पुरावा समजण्याची चूक अभ्यासकाने करू नये. पत्रांतील रमाबाईंना खात्री नव्हती, अनुभूतीचा आधार नव्हता. शिवाय ज्यांनी आश्रय दिला त्यांचा रोष पत्करण्याचा धोका होता आणि मुलगी मनोरमा त्यांच्याच सहवासात वाढत होती. अशा स्थितीत जे मान्य झालेले नाही त्याला होकार न देणे, ही निष्ठेची कृती होती. निश्चिती नंतर आली. निष्ठा आधी आली, आणि ती नकाराच्या रूपाने आली. साक्षीतील गवसण्याचा क्षण या नकाराला निकालात काढू शकत नाही. उलट, त्याच्यावाचून तो क्षण पोकळ ठरला असता.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रमही असाच उलटा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. पण जातिभेद मनातून गेला तो बाप्तिस्म्यापूर्वीच, असे ‘स्मृतिचित्रे’ सांगते. मात्र तेथे गवसण्याच्या एका क्षणाचा आग्रह नसल्यामुळे आधीची पावले पुसली जात नाहीत.

रमाबाईंनी उत्तरायुष्यात केडगाव येथे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते 1922 मधील त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. क्रुसासाठी संस्कृत मागणाऱ्या या विदुषीने भाषांतराला मात्र सामान्य स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी निवडली.