मानसपुत्रांचा जीर्णोद्धार

जालना शहराच्या ज्या भागात आमचे बालपण गेले, त्यास मस्तगड म्हणतात. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली येथे किल्ला व त्यातील गढी बांधिली. पुढे काळ पालटला. जेथे शिबंदी असावयाची तेथे नगरपालिकेचे कार्यालय आले आणि तोफेच्या जागी पाणीपट्टीचे कागद आले. तथापि मस्तगडास मस्तगड म्हणण्यात कोणास काही वावगे वाटले नाही. नाव तेच राहिले, आतील सारे बदलले, आणि आम्ही त्यावाचून काही अडले असे कधी मानिले नाही. दगडामातीच्या बाबतीत इतके उदार असणारे आम्ही, कागदावरील एखाद्या लाडक्या पात्राच्या बाबतीत मात्र इतके अनुदार का होतो, हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रश्नाचे निमित्त घरगुती आहे. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांचा मानसपुत्र फास्टर फेणे हा आमच्या पिढीचा सोबती. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकावयाचा, सायकलवर भरधाव सुटावयाचा, आणि काही सुचले की टाळूला जीभ लावून ‘ट्टॉक’ असा आवाज काढावयाचा. मस्तगडच्या उन्हाळ्यात, दुपारी घरची मंडळी निजली म्हणजे, आम्ही तो आवाज काढून पाहत असू. २०१७ साली हाच फेणे मोठ्या पडद्यावर आला. आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखालील त्या चित्रपटात अमेय वाघ यांनी उभा केलेला फेणे शाळकरी राहिला नव्हता. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण होता. परीक्षेच्या व्यवहारातील काळा बाजार आणि एका विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू, असा त्याचा विषय. आम्ही चित्रपटगृहातून बाहेर पडलो ते कपाळास आठ्या घालून. “हा आमचा फेणे नव्हे,” असा निवाडाही देऊन टाकिला. बरोबर आमची सतरा वर्षांची कन्या होती. ती त्याच परीक्षेच्या तयारीत होती. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तुमचा नसेल, पण मला तो ओळखीचा वाटला.”

त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. कारण उत्तर नव्हते.

पात्र कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न प्रथम मनात येतो. ते लेखकाचे, असे म्हणावे तर शेरलॉक होम्सची कथा आडवी येते. कॉनन डॉइलने १८९३ साली त्यास कड्यावरून लोटून संपविले. परंतु वाचकांनी ते मरण मनापासून मान्य केले नाही, आणि अखेर १९०३ साली लेखकास त्यास परत जिवंत करावे लागले. जनकाने मारावे आणि लोकांनी जगवावे, असा हा प्रकार. बरे, ते वाचकांचे म्हणावे, तर कोणत्या वाचकांचे? आमचे, की आमच्या कन्येचे? मालकीच्या मार्गाने हा वाद सुटावयाचा नाही.

दुसरे असे की, मूळ लेखक तरी आपल्या पात्रास अचल ठेवितो काय? भागवतांनी ज्यूल्स व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, म्हणून व्हर्नचेच उदाहरण घेऊ. त्याचा कॅप्टन नेमो १८७० सालच्या कादंबरीत सागराच्या तळाशी पाणबुडीतून हिंडतो. त्याचा देश नाही, कुळ नाही, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘कोणी नव्हे’ असा. व्हर्नच्या मनात तो रशियन जुलमाने पोळलेला पोलिश सरदार होता. परंतु प्रकाशकास ते रुचले नाही. पुढे ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत, १८७५च्या सुमारास, तोच नेमो मरणशय्येवर सांगतो की आपण बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेलो. दोन कादंबऱ्यांतील सनांचा मेळ बसत नाही, हे व्हर्नच्या चाहत्यांस ठाऊक आहे. म्हणजे लेखकाने आपल्याच पात्रास दुसरा जन्म दिला, आणि तोही हिशेब चुकवून! तरी कोणता भारतीय वाचक हा फेरफार नाकारील? पुढे १९५४च्या चित्रपटात जेम्स मेसनने नेमोस युरोपीय वळण दिले. २००३ साली नसीरुद्दीन शाह यांनी त्यास पुन्हा आपल्या मातीचा केले. यापैकी खरा नेमो कोणता? आमचे उत्तर असे की, जुलमाविषयी ज्याच्या मनात आग आहे आणि त्या आगीत आपणही जळत आहोत याची ज्यास जाणीव आहे, तो खरा. मग तो पोलिश असो वा बुंदेला.

येथे आमच्या विचारास एक धागा सापडतो. पात्राची तीन अंगे असतात: वेष, परिस्थिती आणि शील. वेष म्हणजे सायकल, टोपी, बोलण्याची लकब. परिस्थिती म्हणजे वय, गाव, काळ. आणि शील म्हणजे अन्याय समोर आला असता हा मनुष्य काय करील, या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करितात तेव्हा चिरे बदलतात, कळस बदलतो. परंतु गाभाऱ्यातील देव बदलल्यास तो जीर्णोद्धार नव्हे, ते दुसरे देऊळ. कथानायकाच्या गाभाऱ्यात शील असते.

इंग्लंडात १९६३ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेने तर हा नियमच करून टाकिला. कालप्रवासी नायकाचे काम करणारे विल्यम हार्टनेल प्रकृतीने थकले, तेव्हा १९६६ साली नायकाने देहच पालटला आणि नवा नट आला. १९८९ साली मालिका थांबली. २००५ साली पुन्हा सुरू झाली तेव्हा नायक आपले सारे स्वजन युद्धात गमावलेला, त्या संहाराचे ओझे वाहणारा असा झाला होता. जुना खोडकर भटक्या आता दुःखी झाला. तथापि संकटातील परक्यासाठी थांबावयाचे, हे त्याचे ब्रीद सुटले नाही, म्हणून प्रेक्षकांनी त्यास ओळखिले. दुःखाने मनुष्य निराळा दिसतो. निराळा होतोच असे नाही.

या कसोटीस आमचा २०१७चा फेणे लावून पाहिला, तेव्हा आम्हांस ओशाळे व्हावे लागले. क्षणभर भेटलेल्या एका अनोळखी मुलाच्या मृत्यूबद्दल सर्वांनी दिलेले सोपे स्पष्टीकरण तो स्वीकारीत नाही, आणि सत्याच्या मागे लागतो. भागवतांच्या फेण्याने दुसरे काय केले असते? चित्रपटकर्त्यांनी दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने स्वतः भागवतांसच कथेत आणून बसविले आहे. ऋण कोणाचे, हे त्यांनी लपविले नाही.

याचा अर्थ हानी काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या फेण्याच्या जगात वडील माणसांवर विश्वास टाकता येत असे, आणि शेवटच्या पानापर्यंत सारे सुरळीत होई. नव्या जगात परीक्षाच विकाऊ आहे. हे निरागसपण गेले त्याची हळहळ खरी आहे, आणि ती वाटणे हा दोष नव्हे. तसेच, लोकांच्या प्रेमावर व्याज खाण्यासाठी केवळ नाव उचलावयाचे आणि आत भलतेच भरावयाचे, हा व्यवहारही जगात चालतो. तो निंद्यच होय. नाव घेणाराने शीलाची जबाबदारी घेतली पाहिजे. परंतु निंदा करण्यापूर्वी आपण नक्की कशाचे रक्षण करीत आहो, हे मनास विचारावे. आम्ही त्या दिवशी भागवतांच्या फेण्याचे रक्षण करीत नव्हतो. मस्तगडच्या दुपारी पुस्तकात डोके खुपसून पडलेल्या एका मुलाचे करीत होतो. तो मुलगा परत येत नाही, हा राग आम्ही चित्रपटावर काढिला.

आणि हा राग कागदावरील माणसांपुरता राहत नाही, म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे. आमच्या कन्येने ती परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या अपयशानंतर तिने वैद्यकाचा नाद सोडून भूशास्त्राचा अभ्यास धरिला. “तू पूर्वीची राहिली नाहीस,” असे आम्ही तिला एकदा नव्हे, अनेकदा म्हणालो. त्यात आमची निराशा होती, आणि तिला आम्ही ती तिचा दोष म्हणून ऐकविली. वस्तुतः आठव्या वर्षी अंगणातले खडे गोळा करून त्यांची नावे विचारीत बसणारी मुलगी तीच होती. बदलली होती ती आम्ही तिच्यासाठी लिहून ठेविलेली कथा. प्रिय माणसाने आमच्या आठवणीत बसेल एवढेच राहावे, ही अपेक्षा निष्ठेसारखी दिसते. परंतु ती निष्ठा नव्हे. बदललेल्या मुद्रेतून शील ओळखून काढण्याचे श्रम घेणे, ही निष्ठा.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. परत जाताना कपाटातील फास्टर फेणेची दोन जीर्ण पुस्तके तिने मागितली. नव्याने आले म्हणून जुने कोठे नाहीसे होत नाही. ते कपाटात असतेच. आम्ही पुस्तके पुसून तिच्या हाती दिली. त्या चित्रपटाविषयी मात्र ती अजूनही आमच्याशी वाद घालिते, आणि आता आम्ही ऐकून घेतो.